शिखांची जागतिक संस्था: कोणती घडण निवडावी?

दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीला नांदेडात उभं राहिलं की शीख पंथ एक आहे हे कुणी पटवून द्यावं लागत नाही. पंजाब, दिल्ली, इंग्लंड, कॅनडा, कुठकुठली संगत एका पंगतीत लंगरला बसलेली असते. पण याच संगतीला गुरुपुरबाची, म्हणजे गुरूंच्या जयंती-पुण्यतिथीची, तारीख विचारा, उत्तरं वेगवेगळी येतील. 2003 मध्ये सणांच्या तारखा ठरवणारं नानकशाही कॅलेंडर लागू झालं, तेव्हा आमच्या नांदेडच्या हजूर साहिबने आणि बिहारच्या पाटणा साहिबने, म्हणजे पंथाच्या पाच तख्तांपैकी (सर्वोच्च धर्मपीठांपैकी) दोघांनी, ते स्वीकारलं नाही. 2010 मध्ये त्यात फेरबदल झाले, तेव्हा ते फेरबदल परदेशातल्या अनेक गुरुद्वारांनी मानले नाहीत. सगळ्यांना एकत्र बसून निर्णय घेता येईल अशी जागाच नाही, ही उणीव खरी आहे आणि ती मला बोचते.

म्हणून जागतिक संस्थेची मागणी पुन्हा पुन्हा पुढे येते. तुमच्या गुरुद्वारा कमिटीपुढे तसा ठराव आला असेल, तर पाठिंबा द्यायचा की नाही हे नंतर ठरवा. आधी विचारा, कोणत्या घडणीची संस्था? नाव एकच असलं तरी वाटा चार आहेत.

पहिली वाट म्हणजे पंजाबातल्या गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीलाच मोठं करायचं. तिच्याइतकी पुण्याई दुसऱ्या कुणाकडे नाही. 1920 मध्ये ती उभी राहिली, गुरुद्वारे महंतांच्या ताब्यातून सोडवताना 1921 मध्ये ननकाना साहिबला रक्त सांडलं, आणि त्या लढ्यातून 1925 चा गुरुद्वारा कायदा मिळाला. त्या कायद्याने स्त्रियांनाही मत दिलं, तेही त्या काळात. सभागृहात 170 निवडून आलेले सदस्य, हाताशी मोठं अंदाजपत्रक, शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं. एवढी तयार यंत्रणा नव्याने उभी करायला पिढ्या जातील.

अडचण तिच्या पायातच आहे. ती सरकारी कायद्यावर उभी आहे, आणि कायदा सरहद्दीपाशी थांबतो. फाळणीत ननकाना साहिब पलीकडे गेलं. आज तिथला कारभार 1999 मध्ये पाकिस्तान सरकारने नेमलेली वेगळी समिती पाहते. भारतातही दिल्लीला 1971 पासून स्वतंत्र कायदा आहे. हरियाणाने 2014 मध्ये वेगळी समिती केली आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. म्हणजे समितीचं क्षेत्र वाढायचं सोडून आकसतंच आहे. मतदार कोण, हेसुद्धा संसद ठरवते: 2016 च्या दुरुस्तीने सहजधारींचा (अमृतदीक्षा न घेतलेल्या, केस कापणाऱ्या शिखांचा) मताधिकार गेला. निवडणूक कधी, हे केंद्राच्या हातात. मुदत पाच वर्षांची, पण 2011 च्या निवडणुकीनंतर दशक उलटून गेलं तरी पुढची झाली नाही. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या किंवा इंग्लंडातल्या साउथॉलच्या शिखाने यात आपलं प्रतिनिधित्व कुठे शोधायचं?

नांदेडकरांना हे दुखणं जवळचं आहे. हजूर साहिबचा बोर्ड 1956 च्या कायद्याने चालतो. 2024 मध्ये राज्य सरकारने नवा कायदा आणायचं ठरवलं. त्यात सरकारनियुक्त सदस्य वाढणार होते. नांदेडपासून अमृतसरपर्यंत विरोध झाला, आणि तो योग्यच होता. जी संस्था एका सरकारच्या सहीने बदलू शकते, ती जगाची संस्था होऊ शकत नाही.

दुसरी वाट सर्बत खालसाची, म्हणजे साऱ्या पंथाच्या सभेची. ती मनाला सगळ्यात जास्त भिडते. अठराव्या शतकात वैशाखी-दिवाळीला मिसली (शीख सरदारांची पथकं) अमृतसरला जमत, गुरु ग्रंथ साहिबच्या हजेरीत चर्चा होई आणि ठरलेला गुरमता, म्हणजे सभेचा निर्णय, सगळ्यांना बांधील असे. 1748 च्या वैशाखीला जस्सासिंग अहलुवालियांच्या हाताखाली दल खालसा, म्हणजे शिखांची एकत्रित फौज, असाच उभा राहिला. मराठी वाचकाला यातला एक धागा ओळखीचा वाटेल. 1805 मध्ये इंग्रजांचं सैन्य पाठीवर घेऊन यशवंतराव होळकर मदत मागायला अमृतसरला पोचले, तेव्हा रणजितसिंगांनी तो प्रश्न सर्बत खालसापुढे ठेवला. होळकरांना फौज मिळाली नाही. जुन्या परंपरेतली ती शेवटची सभा मानतात.

आज ही वाट चालेल का? 10 नोव्हेंबर 2015 ला अमृतसरजवळच्या चब्बा गावी गुरु ग्रंथ साहिबच्या बेअदबीने दुखावलेली प्रचंड गर्दी जमली. सभेने अमृतसरच्या अकाल तख्ताचे नवे जथेदार (प्रमुख) जाहीर केले, शिरोमणी समितीने ते नाकारले, आणि एका तख्तावर दोन दावेदार झाले. बोलावणार कोण, बसणार कोण, मत कसं मोजणार, याचे नियम ठरलेले नसले की असंच होणार. मिसलींना ते नियम लागत नव्हते, कारण प्रत्येक सरदार आपल्या माणसांचं उत्तरदायित्व घेऊन बसत असे.

तिसरी वाट थेट निवडणुकीची: जगभर ऑनलाइन नोंदणी, माणशी एक मत. ऐकायला सरळ, पण आकडे मांडून पाहा. 2011 च्या जनगणनेत भारतात 2.08 कोटी शीख होते, त्यातले सुमारे 1.6 कोटी पंजाबात. कॅनडात 2021 मध्ये 7.7 लाख, इंग्लंड-वेल्समध्ये 5.2 लाख, महाराष्ट्रात जेमतेम सव्वादोन लाख. माणशी मत धरलं तर सगळं पंजाब ठरवणार. देशाला समान जागा दिल्या तर पंजाबवर अन्याय. शिवाय यादीत कोण? अमृतदीक्षा घेतलेले अमृतधारीच, की सहजधारीही? आमच्याकडच्या पिढ्यान्पिढ्या दख्खनेत राहिलेल्या दखनी शिखांना, हत्यारांना धार लावणाऱ्या सिकलगरांना त्या यादीत कोण शोधून घालणार? ही वाट मी आज धरणार नाही.

उरली चौथी, संघाची. देशोदेशीच्या संस्था आपापल्या जागी राहून एका मंडळावर प्रतिनिधी पाठवतात. ज्यूंची जागतिक काँग्रेस 1936 पासून अशीच चालते. ती धर्माचे निवाडे देत नाही, फक्त समाजाची बाजू मांडते. शिखांकडे याचा कच्चा माल तयार आहे. 1984 च्या जखमेतून वर्ल्ड शीख ऑर्गनायझेशन निघाली आणि कॅनडात कृपाणाच्या हक्कासाठी कोर्टात उभी राहिली. अमेरिकेत 2001 च्या हल्ल्यांनंतर शीख कोअलिशन उभी राहिली. पण फ्रान्सने 2004 मध्ये सरकारी शाळांत पगडीला बंदी केली, तेव्हा तिथल्या लहानशा शीख समाजाच्या पाठीशी जगाच्या वतीने बोलणारं एक अधिकृत तोंड नव्हतं. संघ नेमकी हीच पोकळी भरू शकतो.

त्याचा दोषही सांगतो. संघ संस्थांचा असतो, साध्या माणसाचा नसतो. गावातल्या गुरुद्वाऱ्यावर एका घराण्याचा ताबा असेल, तर संघातही तेच घराणं जाऊन बसेल. आणि कॅलेंडरसारखा वाद तो सोडवू शकणार नाही. तो अधिकार तख्तांचाच आहे, आणि जथेदार नेमायचा-काढायचा हक्क शिरोमणी समितीच्या कार्यकारिणीकडे असेपर्यंत तख्तही मोकळं नाही. 2025 मध्ये काही आठवड्यांच्या आत तीन तख्तांचे जथेदार हटवले गेले, ते साऱ्या पंथाने पाहिलं. जथेदारांच्या नेमणुकीचा आणि मुदतीचा नियम हा वेगळा लढा आहे. तो संघाच्या ठरावात घुसडला तर दोन्ही बुडतील.

तेव्हा माझा कौल संघाला आहे, काही अटी लिहून घेऊनच. काम फक्त हक्क, आपत्तीतली सेवा आणि वारशाची जपणूक, एवढंच. कुठल्याही सरकारचा पैसा नको, दसवंधातून (कमाईच्या दहाव्या हिश्शाच्या दानातून) ठरलेली वर्गणी, आणि हिशेब दरवर्षी संगतीपुढे उघडा. एका माणसाला दोनच मुदती. स्त्रियांना निम्म्या जागा, कारण 1925 मध्ये मत देऊनही शिरोमणी समितीला पहिली स्त्री अध्यक्ष मिळायला 1999 उजाडलं. पंजाबबाहेरच्या भारतासाठी राखीव जागा, म्हणजे नांदेडला आणि पाटण्याला पाहुणे म्हणून बसावं लागणार नाही. ठरावाच्या मसुद्यात यातली हिशेबाची अट नसेल, तर सही करू नका, मसुदा परत पाठवा.