हॉबशेजारची कपाटं: गणपती ते होळी, रोजच्या वापरानंतर

नव्या फ्लॅटचं किचन गणपतीच्या तोंडावर झालं, आता होळी उलटली. दिवाळीचा फराळ, पुरणपोळ्या आणि रोजची दोन वेळची फोडणी या ओट्याने बघितली. त्यानंतर हॉबशेजारच्या, म्हणजे ओट्यात बसवलेल्या गॅसच्या शेगडीजवळच्या, कपाटांबद्दल लिहितेय.

डिझायनरच्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये चिमणी कपाटात लपवलेली आणि सगळ्या कपाटांची खालची कड एका रेषेत, ओट्यापासून 22 इंचांवर. दिसायला देखणं. पण आमच्या चिमणीच्या पुस्तिकेत गॅसपासून 65 ते 75 सेंटिमीटर अंतर सांगितलंय, म्हणजे साधारण 26 ते 30 इंच. ‘ताई, लाइन तुटेल.’ म्हटलं, तुटू दे. चिमणी 28 इंचांवर गेली. हॉब 75 सेंटिमीटरचा आणि चिमणी 90 ची घेतली, त्यामुळे बाजूची कपाटं आपोआप हॉबच्या कडेपासून तीन-तीन इंच लांब सरकली. लाइन तुटली ती आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता खरा मुद्दा. अंतराची चर्चा सगळे करतात, पण वरच्या कपाटात ठेवणार काय, हे कुणी विचारत नाही. आमच्या सासूबाई उंचीने कमी. वरचा डबा काढायला चवड्यांवर उभ्या राहतात आणि पदर पुढे झुकतो. खाली बर्नर पेटलेला असला तर? शिवाय हॉब काचेचा, वरून लोणच्याची बरणी निसटली तर संपलंच. म्हणून चिमणीच्या वरचं कपाट आम्ही रिकामंच ठेवलंय. ते फक्त डक्ट, म्हणजे चिमणीचा धूर बाहेर नेणारा पाइप, झाकायला. त्याची फळी स्क्रूची करून घ्या, डक्ट साफ करताना बरं पडतं. तेल-मसालेही तिथे नकोतच, उष्णतेने तेल खवट होतं आणि मसाल्याचा वास उडतो. मिसळणाचा डबा उजवीकडच्या ड्रॉवरमध्ये.

शटरचं एक सांगते. बिजागऱ्या हॉबच्या बाजूला आणि हँडल लांबच्या बाजूला घ्या, म्हणजे दार उघडताना हात पातेल्यावरून जात नाही. फक्त चिमणी कपाटापेक्षा पुढे येते, त्यामुळे मध्ये इंचभर पट्टी भरून घ्यावी लागते, नाहीतर दार तिच्यावर आपटतं. वर उचलायचे हायड्रोलिक शटर शोरूममध्ये झकास वाटतात. ते बंद करायला हात उंच करून वाफेवर वाकावं लागतं. मी घेतले नाहीत.

मटेरियल: आत 710 ग्रेडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, बाहेर लॅमिनेट. प्लाय अजून ठणठणीत. कुरकुर एकच, डाव्या कपाटाच्या खालच्या कोपऱ्यातली, कडेला चिकटवलेली पीव्हीसी पट्टी उचकटली, नख घातलं की आत डिंकाची तार दिसायची. कुकरच्या शिट्टीची वाफ रोज नेमकी तिथेच. सुताराने तिथे ॲल्युमिनियमची एल पट्टी ठोकली, तेव्हापासून ठीक. आता कुकर मधल्या बर्नरवर.

पाइप गॅसचा व्हॉल्व्ह कपाटात जात असेल तर त्या कपाटाला वरच्या अंगाला जाळी हवीच. हा गॅस हवेपेक्षा हलका, वर साठतो. सिलिंडरचा गॅस जड, त्याच्या कपाटाला जाळी खाली.

एल पट्टीचे सुताराने वेगळे पैसे लावलेत. त्यावरून घासाघीस अजून चालू आहे.