निळं पुस्तक कुठे आहे?

शाळा खरी होती. वर्ग खरा होता, त्यातली 40 मुलं खरी होती, रोज सकाळी गेटपाशी हात जोडून नमस्कार करणारी. म्हणूनच आपण फसलोय हे कळायला मला अडीच महिने लागले.

पदवीचा निकाल लागून महिना झाला होता. अनुभव शून्य, इंग्रजी बरं, आणि समोर जाहिरात: थायलंडमध्ये इंग्रजी शिकवा, अनुभवाची अट नाही. ही जाहिरात खोटी नव्हती, हे आधीच सांगते. तिथल्या शाळांना परदेशी शिक्षक हवेच असतात. पदवी लागते, पण ती शिक्षणशास्त्राचीच हवी असं नाही. तात्पुरत्या परवानगीवर शिकवता येतं. मातृभाषा इंग्रजी नसेल तर टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात, बहुतेक ठिकाणी 600 तरी. फिलिपिन्सची कितीतरी माणसं तिथे वर्षानुवर्षं शिकवतात. एजंटने मला सांगितलेल्या दहा गोष्टींतल्या आठ अशाच खऱ्या होत्या. त्या मी पडताळून पाहिल्या, आणि उरलेल्या दोन न बघताच गिळल्या.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली, जेमतेम पंधरा मिनिटं. वर्गात मुलं ऐकत नसतील तर काय कराल, असा एकही प्रश्न नाही. पासपोर्ट आहे का, कधी निघू शकता, पहिला हप्ता कधी भरता, बस्स. एकूण 900 डॉलर गेले: 250 नोंदणीचे, 300 टेफल, म्हणजे परदेशी मुलांना इंग्रजी शिकवण्याच्या, कोर्सचे, 350 'व्हिसा आणि परत मिळणारी ठेव'. तिन्ही वेळा खातं वेगळं, आणि तिन्ही वेळा कुठल्यातरी माणसाच्या नावावर. तेव्हा मी एजंटला कारण विचारलं होतं. 'मॅडम, ऑडिट चालू आहे,' म्हणाला. मला ऑडिट म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं, म्हणून पटलं.

कोर्सची तर गंमतच आहे. प्रमाणपत्रावर छापलंय 120 तास. मी तो शनिवार-रविवारी संपवला. दोन दिवसांत तास असतात 48, त्यात मी झोपलेही होते. केंब्रिजच्या सेल्टासारख्या कोर्समध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर 6 तास शिकवावं लागतं आणि मागे परीक्षक बसलेला असतो. माझ्या कोर्समध्ये समोर फक्त 'नेक्स्ट'चं बटण होतं.

मग नेमणूकपत्र आणि करार आला. दोन्हींवर शाळेचा गोल शिक्का, थाई अक्षरांत. आज ते दोन कागद स्क्रीनवर शेजारी ठेवले की हसू येतं. दोन्हींवर शिक्का तेवढाच तिरका, दोन्हींकडे उजव्या कडेला शाई तेवढीच फुटलेली, अगदी त्याच अक्षरावर. हाताने मारलेले दोन शिक्के असे जुळत नाहीत. एकच चित्र दोनदा चिकटवलं होतं.

पण मला खरी भोवली ती यातली एकही गोष्ट नाही. भोवलं ते एजंटचं एक वाक्य: 'सध्या टूरिस्टवर या, तिकडे आल्यावर कन्व्हर्ट करून घेऊ.' ऐकायला किती साधं! आणि व्हिसा असा बदलून मिळतो, हेही खरं. पण त्यासाठी शाळेने तुमच्या नावाने कागद द्यावे लागतात, त्यावर नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे कामासाठीचा, व्हिसा मिळतो, मग वर्क परमिट. ते हातात पडेपर्यंत वर्गात पाऊल ठेवायचं नसतं. मी मेच्या मध्यावर, सत्राच्या पहिल्याच दिवशी, पर्यटक म्हणून पासपोर्टवर 60 दिवसांचा शिक्का घेऊन तिसरीच्या वर्गात उभी होते. प्राथमिक वर्गांना तिथे 'प्रथोम' म्हणतात, म्हणजे आपला 'प्रथम', आणि शिक्षकाला 'ख्रू', म्हणजे गुरू. या शब्दांचं मला इतकं कौतुक वाटलं की पहिला आठवडा त्यातच गेला. त्याच आठवड्यात एजंटचा माणूस येऊन मुलांबरोबर माझा फोटो काढून गेला.

शेजारच्या वर्गातल्या फिलिपिनो बाईंनी महिन्याभराने सहज विचारलं, 'तुझं निळं पुस्तक आलं का?' वर्क परमिटची वही तेव्हा निळी असायची, म्हणून तिथे सगळे तिला तसंच म्हणायचे. त्यावर मालकाचं नाव असायचं, कामाची जागा असायची. मी म्हटलं, येतंय. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून जेवताना माझ्या शेजारी बसायच्या.

60 दिवस संपले तेव्हा एजंट म्हणाला, 1,900 बात (तिथलं चलन) भरून 30 दिवस वाढवून घ्या, नंतर लाओसला व्हिएन्तियानला जाऊन नवा टूरिस्ट व्हिसा आणा. भाडं अर्थात माझं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या तासाला ऑफिसमधली मुलगी वर्गाच्या दारात आली. बोलली काहीच नाही, नुसता हात हलवला. पाहुणे आलेत, ख्रूने मागच्या खोलीत बसावं. मागची खोली म्हणजे खेळाच्या सामानाची. हवा गेलेल्या फुटबॉलांच्या जाळीला टेकून मी पन्नास मिनिटं बसले. भिंतीपलीकडे माझाच वर्ग माझ्याशिवाय फळांची नावं घोकत होता. पाहुणे श्रम खात्याचे होते. परवान्याशिवाय काम करताना परदेशी माणूस सापडला तर 5,000 ते 50,000 बात दंड, देशाबाहेर रवानगी, आणि पुढे 2 वर्षं परमिट नाही. हे मी त्याच खोलीत फोनवर वाचलं. निघण्याआधी वाचायला एवढीच मिनिटं पुरली असती.

पगाराचं कोडंही त्याच आठवड्यात सुटलं. ठरले होते 35,000 बात, पाकिटातून हातात यायचे 24,000, 'परमिटचा खर्च' वजा करून. हिशोब बघणाऱ्या बाईंनी वही माझ्याकडे फिरवली: शाळा एजन्सीला माझ्यासाठी महिना 38,000 देत होती. शाळा अंधारात होती असं मी म्हणणार नाही. मागच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मी 30 दिवसांची मुदत संपायच्या आत निघाले. मूळ पदवी प्रमाणपत्र मात्र एजंटकडे होतं, 'पडताळणीसाठी'. ते सोडवायला 200 डॉलर आणखी द्यावे लागले. मूळ कागद दूतावास सोडून कुणाच्याही हाती देऊ नका. एजंटला द्यायचीच तर साक्षांकित प्रत द्या. आणि शाळेचा नंबर एजंटकडून घेऊ नका, स्वतः शोधा, स्वतः फोन करा, 'माझ्या व्हिसाचे कागद तुम्ही पाठवताय का' एवढंच विचारा. मी फक्त पैसे आणि तीन महिने गमावले. नोकरीच्या नावाखाली विमानतळावरून थेट सीमेवरच्या मे सोत गावाला नेऊन, नदीपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीच्या ऑनलाइन फसवणूक केंद्रांत डांबलेली माणसंही आहेत. 2025 च्या सुरुवातीला तिथून हजारो जणांना बाहेर काढलं गेलं. त्यांनाही कुणीतरी चांगल्या इंग्रजीचं कौतुक करूनच बोलावलं असेल.

मागच्या महिन्यात एजंटची नवी जाहिरात दिसली. त्यात फोटो माझा, तिसरीच्या मुलांच्या घोळक्यात, मनापासून हसताना. खाली लिहिलेलं: आमच्या समाधानी शिक्षिका. मी मेसेज केला, फोटो काढा. पाच मिनिटांत उत्तर आलं, ठेव परत मागताना कधीच इतक्या लवकर आलं नव्हतं: 'मॅडम, फोटोचे हक्क आमच्याकडे आहेत. करारातलं कलम 14 बघा.'

करार उघडला. कलम 14 तसंच होतं. खाली माझी सही.