आट्रिया, अ‍ॅम्स्टरडॅम: जाण्याआधी कॅटलॉग चाळा
आंतरराष्ट्रीय स्त्री-चळवळीची मूळ कागदपत्रं बघायची तर आट्रिया या स्त्री-इतिहासाच्या अभिलेखागाराला तोड नाही. पण तयारीनिशी जा. ऑनलाइन कॅटलॉगमधून संग्रहाचा क्रमांक टिपा आणि मागणी आधीच नोंदवा. काही खासगी संग्रहांना परवानगी लागते. शोधताना दोन्ही आडनावं टाकून बघा: संस्थापकांपैकी विलेमाइन पोस्टह्यूमस-व्हान डर खूट यांच्या नावात सासरचं आधी, माहेरचं मागून. (इथेही नवऱ्याचं आडनाव सुटत नाही!) १९३५ साली डच स्त्रीवादी रोझा मानुस आदींनी उभारलेला हा संग्रह १९४० मध्ये नाझींनी लुटून नेला. १९९२ मध्ये कागद मॉस्कोत सापडले, परतले थेट २००३ मध्ये. पुस्तकं बहुतेक गेलीच, त्यामुळे युद्धापूर्वीच्या नोंदींची साखळी मध्येच तुटते. बरंचसं साहित्य डच भाषेत. आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहार मात्र इंग्रजी, फ्रेंच, जर्मनमध्येही सापडतो.