शनिवारचा आधारगट आणि चार वाजताचा फोन

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरात एरवी माणसांचा राबता असे. पण एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, दादा गेला तेव्हा दिवसकार्यालाही कोणी येऊ शकले नाही. पुढे निर्बंध उठले, भेटायला येणारे येऊन गेले, आणि त्यानंतर वहिनींचे जेवण, झोप व बोलणे तिन्ही जवळजवळ तुटले. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी त्यांना शहरातील एका मराठी मंडळाच्या शनिवारच्या आधारगटात नेऊ लागलो. त्या गटाविषयीचे हे माझे मत.

गटाची सर्वांत मोलाची व्यवस्था म्हणजे फोनची जोडी. प्रत्येक नव्या सदस्याला एक जुना सदस्य नेमून दिला जातो आणि त्याने ठरलेल्या वेळी रोज फोन करायचा असतो. वहिनींना सुदामानगरच्या एक बाई चार वाजता फोन करीत. विषय बहुधा लिंबाच्या लोणच्याचा, नाहीतर नर्मदेचे पाणी आज नळाला आले की नाही याचा. पुढेपुढे वहिनी पावणेचारलाच फोनजवळ येऊन बसू लागल्या. प्रत्यक्ष मिळालेल्या मदतीपेक्षा, वेळ पडल्यास आपले कोणीतरी आहे या खात्रीचा नैराश्य कमी असण्याशी अधिक घट्ट संबंध असतो, असे संशोधनात वारंवार आढळले आहे. त्याचा अर्थ मला त्या पंधरा मिनिटांत कळला.

उणीव मात्र गंभीर होती. समोरच्याला झालेले दुःख आहे की आजार, हे पारखण्याची कोणतीही रीत तेव्हा गटाकडे नव्हती आणि ‘मन रमवा, नामस्मरण करा’ असे सांगणाऱ्यांना कोणी थांबवीत नसे. आम्ही आपणहून मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा मागील दोन आठवड्यांविषयीच्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत वहिनींचे २७ पैकी १७ गुण भरले, म्हणजे नैराश्य बरेच तीव्र होते. गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि त्या मधल्या काळात वहिनींना चार वाजताच्या फोनने तगवले.

गेल्या महिन्यात गटात पुन्हा गेलो, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा निःशुल्क क्रमांक भिंतीवर लावलेला दिसला. ही सुधारणा चांगली आहे. गटाला शुल्क नाही, चहा-पोहे मिळतात. पोह्यांवर जिरावन, म्हणजे वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला, नसते, ही इंदूरमध्ये दखलपात्र त्रुटी समजावी. सभागृह दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी आधी फोनची जोडी तेवढी मागून घ्यावी. मंडळ त्याला नाही म्हणत नाही.