गावठी अंडी की पोल्ट्रीची?

रत्नागिरीच्या बाजारात मावशींकडची गावठी घ्यावीत की दुकानातल्या ट्रेमधली, असं भाचीने विचारलं.

कवचाचा रंग बघूच नकोस, तो कोंबडीच्या जातीवर ठरतो. गावठी कोंबडी परसात उकरते, किडे-पाला खाते, म्हणून बलक गडद. पोल्ट्रीतल्या बहुतेक पिंजऱ्यात, पण खाद्यात झेंडूचा अर्क घातला की त्यांचाही बलक केशरी होतो! त्यापेक्षा मावशींनाच विचार, कोंबड्या मोकळ्या फिरतात का.

ताजेपणात गावठी नेहमी सरस नसतात. साठवून आणलेलीही असतात. पाण्यात सोड: ताजं तळाशी आडवं बसतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं.

गावठी महाग आणि लहान. रोजच्या भुर्जीला, केकला पोल्ट्रीची चालतील. कोंबडीच्या जगण्याची कळकळ असेल, तर कमी घे, पण गावठीच घे.