विंडोज सोडताय? मिंट, उबुंटू की फेडोरा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरातला जुना लॅपटॉप धडधाकट आहे, पण त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मग विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची आठवण होते आणि पहिल्याच पायरीवर घोडं अडतं: तिच्या मिंट, उबुंटू, फेडोरा या प्रकारांपैकी कुठलं घ्यायचं? तिन्ही फुकट आहेत, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस तिन्हींवर चालतं. खरा फरक आहे तो एका दमात किती सवयी मोडाव्या लागतात, यात.

मिंटचं सिनॅमन, म्हणजे त्याचा डेस्कटॉप, सगळ्यात कमी सवयी मोडायला लावतं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. आईवडिलांच्या मशीनवर टाकायचं असेल तर मी दुसरा विचारच करत नाही. पहिल्या दिवशी टाइमशिफ्ट हे सिस्टीमची प्रत जपणारं ॲप तेवढं चालू करा. एखादं अपडेट अंगाशी आलं तर सिस्टीम आधीच्या अवस्थेत नेता येते. तुमचे फोटो आणि कागदपत्रं मात्र ते आपणहून राखत नाही, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटचीच हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या.

उबुंटू २४.०४ आणि मिंट २२ यांचा पाया एकच, दोन्हींना २०२९ पर्यंत अपडेट. त्यामुळे उबुंटूसाठी सांगितलेला उपाय बहुतेक वेळा मिंटवरही लागू पडतो. पण उबुंटूत डावीकडे डॉक, म्हणजे ॲपच्या चिन्हांची उभी पट्टी असते, स्टार्ट मेनू नसतो, आणि फायरफॉक्स स्नॅप या उबुंटूच्या स्वतःच्या ॲप-पद्धतीतून येतो. मिंटवाल्यांनी २०२० मध्येच स्नॅपला दार बंद केलं. या भांडणात नवख्याने पडू नये, पण जुन्या हार्ड डिस्कवर स्नॅपचं ॲप पहिल्यांदा उघडताना रेंगाळतं हे खरं.

फेडोरा अगदी नव्या लॅपटॉपसाठी, कारण त्यात कर्नल, म्हणजे हार्डवेअर ओळखणारा सिस्टीमचा गाभा, ताजा असतो. दर सहा महिन्यांनी आवृत्ती येते आणि ती साधारण १३ महिने टिकते, म्हणजे वर्षाकाठी एकदा तरी अपग्रेड आलंच. खिडकीला मिनिमाइझचं बटणही आपलं आपण लावायचं, आणि काही व्हिडिओ चालवायला लागणारे कोडेक आरपीएम फ्यूजन या वेगळ्या सॉफ्टवेअर-भांडारातून आणायचे. हौस असेल तर मजा, नाहीतर डोकेदुखी.

मराठी टायपिंग तिन्हींवर होतं. आयबस-एम१७एन हे टायपिंगचं पॅकेज टाकलं की इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्डही मिळतो आणि रोमन अक्षरांवरून टायपिंगही. अडचण येते ती श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांतल्या फायलींची. त्या आधी विंडोजवरच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही वाचता येणाऱ्या मराठीत, करून घ्या. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर दुकान चालत असेल तर ते मशीन विंडोजवरच राहू द्या.

निवड काहीही असो, आधी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून बघा. इन्स्टॉल दाबेपर्यंत डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर, आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, एवढं तपासा. मिंटवर वायफाय दिसलंच नाही तर फेडोराचा पेन ड्राइव्ह लावून पाहा. तिथंही नाही दिसलं तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्या, आणि ड्रायव्हर शोधा.