हेड घासून देतो म्हणाला, 35,500 रुपये घासून घेतले

मुंबई-पुण्यात जुन्या प्लायमाउथ-डॉज बाळगणाऱ्यांनी हे वाचाच. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये जोडलेल्या या गाड्यांचं साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, खाली ब्लॉकमध्ये) सहा सिलिंडर इंजिन उघडायला सोपं आणि म्हणूनच गंडवायलाही सोपं.

माझी 1948 ची गाडी, 217.8 घनइंची इंजिन, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं) 6.6. हे प्रमाण 7.5 वर न्यायचं होतं, म्हणजे हेड, सिलिंडरवरचं झाकण, 70 थाऊ घासायचं (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). मशीन शॉपवाल्याचं बिल असं: प्लेनिंग 6,500, चेंबर (हेडमधली ज्वलनाची पोकळी) पॉलिश 11,000, सहा हार्ड एक्झॉस्ट सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) 13,200, गॅस्केट 4,800. एकूण 35,500. त्यातले 20,000 रोख, 15,500 यूपीआयने. बिल साध्या कागदावर, जीएसटी नंबर नाही.

हिशेब सरळ आहे. एका सिलिंडरचं विस्थापन साधारण 595 सीसी, म्हणून 6.6 ला वर गॅस्केटसकट 106 सीसी जागा उरते. 7.5 हवं तर ती साडेएक्क्याण्णव सीसीवर आली पाहिजे. त्याने मला चेंबर मोजल्याचा तक्ता दिला. सहाच्या सहा आकडे सारखे, दशांशापर्यंत! सत्तर वर्षांहून जुन्या ओतीव लोखंडात ब्युरेटने (खुणांच्या काचनळीने) मोजलं की सीसी-दीड सीसीचा फरक येतोच. तो कागद हातात असताना मी गप्प का बसलो, हे माझं मलाच कळत नाही. नाही, कळतं: गाडी सुरू होती, हेड वर टाइट होतं, आणि चंदेरी रंग इतका झकास दिला होता की उघडा म्हणायची लाज वाटली. 'फिटिंग आमच्याकडून फुकट' याचा अर्थ तेव्हा उमजला नाही. फिटिंग त्यानेच केलं की मोजायला काही शिल्लक राहत नाही. हेड सुटं ताब्यात घ्या, बसवा दुसऱ्याकडून.

दुकानात देताना एका कोपऱ्यात हेडची जाडी व्हर्नियरने टिपून ठेवली होती, एवढी अक्कल होती. कॉम्प्रेशन गेजवर आकडा आधीइतकाच आला तेव्हा हेड उतरवलं. जाडी जेमतेम 10 थाऊ कमी, म्हणजे चेंबरमागे दोन सीसी. आणि पॉलिश? पॉलिशने धातू जातो, चेंबर मोठं होतं, कॉम्प्रेशन उलट पडतं. पिस्टन आणि त्यावरचा हेडचा सपाट भाग यांतलं अंतर मात्र जपायचं असतं, मिश्रणाची घुसळण तिथूनच होते. ते त्याच्या गावीही नव्हतं.

सीटची गंमत तर ऐका. या इंजिनात एक्झॉस्टला कठीण सीट कारखान्यातूनच बसवलेल्या असतात. 2000 पासून देशभर फक्त शिसं नसलेलं पेट्रोल मिळतं, म्हणून सीट झिजतील असं घाबरवणाऱ्यांचं इथे काही कामच नाही. व्हॉल्व्हच्या दांड्यांवर जुना कार्बन जसाच्या तसा, काढलेच नव्हते. 13,200 रुपये कशाचे?

खरंच 70 थाऊ घासायचं असेल तर आधी व्हॉल्व्ह पूर्ण उघडून त्यावर मातीचा गोळा ठेवा, जुनं गॅस्केट घालून हेड दाबा, व्हॉल्व्ह आणि हेडमध्ये 50 थाऊपेक्षा कमी जागा उरली तर थांबा. बोल्ट 65 ते 70 फूट-पाउंड, इंजिन तापून निवल्यावर पुन्हा. नॉकिंग (इंजिनाची ठकठक) आलं तर ठिणगीचं टायमिंग मागे घ्या.

पोलीस चौकीत 'हा दिवाणी मामला' म्हणाले. मी हेड घेऊन गेलो होतो. टेबलावर डाग पडेल म्हणून बाहेर ठेवायला लावलं. 10 थाऊ म्हणजे किती, विचारलं. सांगितलं पाव मिलिमीटर, तर म्हणे एवढ्याशासाठी तक्रार? साहेब, घासलं एवढंसंच, हीच तर तक्रार आहे! 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पर्यायांत मशीन शॉप नाही, म्हणून 'इतर' मध्ये टाकलं आणि तिथेच पडलं. मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं, हे ठीक. पण तिथे पहिला प्रश्न पक्क्या बिलाचा. यूपीआयची नोंद तेवढी कामी आली. रोख दिलेल्या 20,000 चं नावच घेऊ नका म्हणाले.

दुकानदाराला फोन केला. शांतपणे म्हणाला, हेड आणा, राहिलेले 60 थाऊ काढून देतो, तुमच्यासाठी 6,500 फक्त.